खड्यानागाचा कंद पोटात द्यावा का?

प्रश्न : तलासरीकडच्या आमच्या पाड्यात बाळंतपण अडलं की सुईण खड्यानागाचा कंद उगाळून पोटावर लावते. सुनेला सातवा महिना आहे. कंद पोटात दिला तर चालेल का?

उत्तर : नाही, चिमूटभरही नाही. खड्यानाग म्हणजे कळलावी. कळा आणते म्हणून ते नाव. नांगरासारख्या कंदामुळे संस्कृतात लांगली. सुईणीचा अनुभव मी उडवून लावत नाही, पण कळा आणणारी मुळी सातव्या महिन्यात काय करेल? आयुर्वेदानेही तिला उपविषांत बसवलं आहे. कंदात कोल्चिसिन हे विष असतं. गाऊट या सांधेदुखीसाठी डॉक्टर त्याची गोळी देतात, तीही अर्ध्या मिलिग्रॅमची. तुमच्या तुकड्यात किती, हे भगतालाही सांगता येणार नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब होतात. ते थांबले म्हणून घरी बसू नका; मूत्रपिंडं, हृदय, रक्त यांवरचा घाला एक-दोन दिवसांनी पडतो. उतारा नाही. वाचलेल्यांचे केसही झडतात. लेपही नकोच. बाळंतपण अडलं तर १०८ ला फोन करा, तलासरीचं ग्रामीण किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. आणि हो, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलं दिसली तर पोरांना दाखवून ठेवा. हा कंद त्यांना रताळं वाटू शकतो.