शेडच्या आधी माणसं

अगं, सरपंच झालीस आणि पहिल्याच महिन्यात कचऱ्याच्या निधीची चौकशी करायला पंचायत समितीत गेलीस, हे ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लोक आधी कमान मागतात, पेव्हर ब्लॉक मागतात. तू कचरा हातात घेतलास. म्हणून आज मनातलं बोलते. मोठी बहीण म्हणून तर खरंच, पण याच वाटेवर ठेच लागलेली बाई म्हणूनही.

मी सरपंच असताना आमच्या गावाला सुक्या कचऱ्याची शेड मंजूर झाली. पत्र्याचं छप्पर, आत चार कप्पे आणि प्लास्टिकच्या गासड्या बांधायचं यंत्र. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करायला गेलो तर कळलं, त्याला थ्री फेज वीज लागते आणि शेडला कनेक्शन सिंगल फेजचं. अंदाजपत्रकात तो खर्च धरलाच नव्हता. सही माझी होती आणि मीही तो कागद नीट वाचला नव्हता. आठ महिने शेडला कुलूप, किल्ली शिपायाकडे. पुढे कधीतरी दार उघडलं, तर यंत्रावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. मला त्या दिवशी रडू आवरेना. तो पैसा आपल्याच लोकांचा होता गं.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की आहे. निधी शेड बांधून देतो, ती चालवतात माणसं. म्हणून अर्जाला हात लावायच्या आधी माणसं शोध.

आत्ता तुझ्या गावातलं भंगार कोण उचलतं, ते बघ. कुणीतरी असतंच. आमच्याकडे एक मावशी बाजारच्या दिवशी पोतं घेऊन फिरायच्या. शेड बंद पडल्यावर एकदा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दुधाची पिशवी त्या एका ढिगात टाकत होत्या, वेफर्सचं रिकामं पाकीट दुसऱ्या. म्हटलं, दोन्ही प्लास्टिकच ना? त्यांनी ते पाकीट माझ्या कानाशी चुरगाळलं. "ह्यो वाजतोय बघा ताई. आतनं चांदी असती. ह्यो कोन घेत न्हाई." शेडच्या आराखड्यात प्लास्टिकला एकच कप्पा होता. विकलं जाणारं आणि न विकलं जाणारं त्यात एकत्र पडणार होतं. आराखडा करण्याआधी मावशींना विचारलं असतं, तर ही चूक कागदावरच दुरुस्त झाली असती.

आणि त्यांना विचारणं ही काही आपली मेहेरबानी नव्हे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सुका कचरा निवडायच्या जागेत कचरावेचकांना सामावून घ्यायला सांगितलं होतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. कचरावेचक बाया घरोघरचा कचरा नेतात, घरं महिन्याला ठरलेली रक्कम देतात, आणि विकला जाणारा सुका माल विकून आलेला पैसा त्यांचाच. तुझं गाव पुण्याएवढं नाही, पण काम करणारीला दर महिन्याला पैसे मिळाले तरच काम टिकतं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता हिशेब. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत मिळत होते, त्याहून मोठ्या गावाला ४५. तुझ्या गावाची लोकसंख्या चार हजार धर. झाले २ लाख ४० हजार. त्यातले ३० टक्के, म्हणजे ७२ हजार, ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे होते. हे आमच्या वेळचे आकडे. तू ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना बरोबर घेऊन चालू शासन निर्णय वाच. स्वतः वाच हो, नुसतं ऐकून येऊ नकोस.

एवढ्या पैशात यंत्राच्या नादी लागू नकोस. गासड्या बांधणं, प्लास्टिकचे तुकडे करणं यासाठी त्याच योजनेत प्रत्येक तालुक्याला एक केंद्र धरलेलं होतं, १६ लाखांपर्यंतचं. गावाने निवडून, कोरडा ठेवून माल तिथं पोचवायचा. तुझ्या निधीतून निवाऱ्याची जागा, कमरेइतक्या उंचीचं निवडायचं टेबल, चांगले हातमोजे आणि एक भक्कम तीनचाकी सायकल घे. टेबलाचं विसरू नकोस. दिवसभर जमिनीवर उकिडवं बसून कचरा निवडणाऱ्या बाईचे गुडघे आपल्याला दिसत नाहीत, पण ती काम सोडते ते त्यापायीच.

मग दर महिन्याचा खर्च मांड. मानधन, सायकलचं पंक्चर, वीजबिल, तालुक्याला माल न्यायचं टेंपोभाडं. हे कुठून येणार, ते ग्रामसभेत ठरावात लिहून घे. घरामागे थोडी स्वच्छता फी लावायची असेल तर ती आधी बायकांच्या बैठकीत बोल, कारण डबे वेगळे ठेवणार त्याच. आणि ज्या दिवशी ओला-सुका वेगळा मागशील, त्या दिवसापासून गाडीत तो एकत्र टाकला जाणार नाही, एवढं डोळ्यांत तेल घालून बघ. लोकांनी एकदा जरी आपला निवडलेला कचरा एकाच ढिगात पडताना पाहिला, तर पुन्हा कुणी निवडत नाही.

हे होतं गं, अवघड नाही. वेंगुर्ल्याला नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघरी कचरा वेगळा करायची सवय लावली. डेपोची दुर्गंधी गेली, ती जागा बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. आपल्याच कोकणातलं छोटंसं शहर ते.

आमची शेड पुढे सुरू झाली. यंत्र तालुक्याच्या केंद्राला दिलं, कप्पे मावशींच्या सांगण्याप्रमाणे बदलले, बचत गटातल्या दोघी त्यांच्या जोडीला आल्या. पहिल्या दिवशी शिपायाकडून किल्ली घेऊन मी मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. त्यानंतर त्या दाराला दिवसा कधी कुलूप दिसलं नाही.

तुझ्या शेडची किल्ली कुणाच्या पदराला जाणार, ते आधी ठरव. मग कच्चा अर्ज घेऊन माझ्याकडे ये, दोघी मिळून एकेक ओळ वाचू.