पगडी, पागोटें आणि टोपी

पाताळगंगेच्या कांठच्या आपल्या रसायनीस हें नांवच मुळीं रसायनांच्या कारखान्यांमुळें मिळालें. येथें पाळी सुरू होण्याच्या वेळीं कामगार पहा. आंत शिरतांना त्यांच्या डोक्यावर कठीण टोपी असते. बाहेर रस्त्यावर मात्र बहुतेक पुरुष उघड्या डोक्यानें हिंडतात. शंभर वर्षांपूर्वीं चित्र निराळें होतें. उघड्या डोक्यानें चारचौघांत जाणें असभ्यपणाचें समजलें जाई, आणि म्हणून मोठ्या बाजारपेठांत डोक्यावरील वस्त्रांचा व्यापार भरभराटीस आलेला असे. त्या व्यापाराची आठवण वडीलधारीं माणसें हळहळून काढतात. ती हळहळ कितपत योग्य, याचा येथें विचार करूं.

पागोटें दररोज डोक्यास गुंडाळावें लागे. पगडी आधींच बांधून तयार असे. ती उचलून मस्तकावर ठेवली कीं झालें. ती बांधणाऱ्या कारागिरास पगडबंद म्हणत. डोक्याचा घेर मोजावा, बारीक कापडाच्या लांब पट्टीस पीळ द्यावा आणि घडीवर घडी बसवीत जावें, असें हें चिकाटीचें काम. पुणेरी पगडीस सन २००९ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तें या कसबाचाच गौरव होय.

परंतु या कसबास दुसरी बाजूही होती. शिरोभूषणाच्या घाटावरून मनुष्याची जात, पेशा व प्रांत दुरूनच ओळखूं येई. सन १८८८ मध्यें ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यास झालेल्या समारंभास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या जीर्ण वेषांत गेले. खरी रयत उंची पोषाखांत दिसत नाहीं, हें त्यांना दाखवावयाचें होतें.

पुढें मुंबईंत विलायती भांडारें निघालीं. हॉर्नबी रोडवरील, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरील, व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचें भांडार त्यांपैकीं एक. अशा भांडारांतून साहेबी टोप्या मिळत. पाणथळ जागीं उगवणाऱ्या शोला नांवाच्या वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून सोला टोपी करीत. तिनें उन्हाची झळ कमी लागे. येथें गिऱ्हाइकाची जात कोणी विचारीत नसे. पण राज्यकर्ता कोण आणि रयत कोण, हें त्या टोपीनेंही सांगितलेंच.

सन १९२० च्या सुमारास गांधी टोपी प्रचारांत आली. तिच्या निवडीचीं कारणें गांधीजींनीं काका कालेलकरांस सांगितलीं होतीं. काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला; ती घडी करून खिशांत ठेवतां येते; पांढऱ्या रंगावर मळ चटकन दिसतो, म्हणून ती वरचेवर धुतली जाते. ही साधी टोपी वकिलाच्या व शेतकऱ्याच्या डोक्यावर सारखीच शोभली. व्हाइटअवे लेडलॉच्या त्याच इमारतींत सन १९५४ मध्यें खादी भांडार सुरू झालें, ही घटना लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां पगडी व फेटा लग्नसमारंभांपुरते उरले. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यांत, माथेरानच्या बाजारांत, उन्हाच्या टोप्या टांगलेल्या दिसतात. पण सहलीवरून परतल्यावर त्या खुंटीवरच राहतात.

तेव्हां हळहळ वाटावी ती पगडबंदाच्या हाताच्या कसबाविषयीं. पगडीवरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत गेली, तर तिचें दुःख कशाला? ती पुरती गेली आहे काय, हें मात्र तपासावें. कित्येक कारखान्यांत कठीण टोपीच्या रंगावरून अधिकारी कोण व मजूर कोण हें कळतें. कामाच्या सोयीसाठीं असा भेद ठेवणें युक्त असेल. परंतु वरून वस्तु पडली तर दोन्ही मस्तकें सारखींच फुटतात, म्हणून टोपी दोघांसही सारखीच मजबूत हवी. सुट्टींत घरीं गेलांत म्हणजे आजोबांची जुनी टोपी किंवा पागोटें शोधून काढा. तें कोणीं बांधलें, आणि तें बांधण्याची मुभा कोणास नव्हती, हे दोन्ही प्रश्न त्यांना अवश्य विचारा.