निसरड्या रस्त्यावर कोणती गाडी चांगली?

न्हावा शेवाला बर्फ पडत नाही. पण पावसाळ्यात बंदराकडे जाणारा ओला रस्ता आणि हिवाळ्यात मनालीचा बर्फाळ रस्ता, दोन्हींची अडचण एकच : घर्षण कमी! मग घरासाठी गाडी घेताना काय पाहावे?

पुष्कळांना वाटते, जड गाडी लवकर थांबते. वजन दुप्पट झाले की घर्षण दुप्पट होते हे खरे. पण थांबवायचे वस्तुमानही दुप्पट होते! म्हणून सूत्रात वजन उरतच नाही :

थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण)

समजा, वेग ताशी ६० कि.मी. आहे. घर्षणगुणांक कोरड्या रस्त्यावर ०.७, ओल्यावर ०.४ व दबलेल्या बर्फावर ०.२ धरला, तर ब्रेक लागल्यापासूनचे अंतर अनुक्रमे सुमारे २०, ३५ व ७१ मीटर येते. पुढे कंटेनरचा ट्रेलर उभा असेल, तर हा जिवाचा हिशेब आहे.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळाली, तर गाडी चिखलातून वा बर्फातून सहज निघते. पण थांबते मात्र इतरांइतक्याच अंतरात. कारण ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात.

म्हणून आधी टायर पाहा. त्याच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. खाचांच्या तळाशी १.६ मि.मी. उंचीचे उंचवटे असतात; झीज तिथवर पोहोचली की टायर बदलावा. बर्फासाठीच्या टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते.

करून पाहा : एक रिकामी आणि एक वाळूने भरलेली आगपेटी फळीवर ठेवा. फळी हळूहळू तिरपी करा. आधी कोणती घसरते?