मीखल निपुत्रिक होती की पाच पुत्रांची आई?

शब्बाथ शाळेच्या वर्गात कोणीतरी विचारतोच असा एक प्रश्न आम्ही या पाठासाठी घेतला आहे. शौलाची कन्या मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही, असे २ शमुवेल ६:२३ सांगते. त्याच पुस्तकात २१:८ येथे, बहुतेक इब्री हस्तलिखितांनुसार, तिला अद्रीएलापासून झालेल्या पाच पुत्रांचा उल्लेख येतो. मग खरे काय?

हा प्रश्न केवळ अक्षरांचा नाही. मीखलेने दाविदाचा उपहास केला म्हणून देवाने तिची कूस बंद केली, असे आपण पुष्कळदा सहज शिकवतो. जिची कूस उजवली नाही अशी एखादी भगिनी मागल्या बाकावर बसून ते ऐकत असते. म्हणून ही वचने सावकाश वाचू या.

१. मीखल. १ शमुवेल १८:१९ पाहा. अद्रीएल हा मीखलेचा नव्हे, तर तिची थोरली बहीण मेरब हिचा पती होता. काही इब्री हस्तलिखितांत आणि प्राचीन सुरियानी भाषांतरात २१:८ येथे मेरब हेच नाव आहे. तेव्हा नक्कल करताना नावाची अदलाबदल झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जुन्या यहूदी गुरूंनी दुसरा उलगडा केला: जन्म मेरबेने दिला, वाढवले मीखलेने, म्हणून ती मुले तिची म्हटली गेली. कोणताही उलगडा घेतला तरी ६:२३ खोटे ठरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हन्नेची कूस परमेश्वराने बंद केली होती, असे १ शमुवेल १:५ स्पष्ट सांगते. तरी तेथे हन्नेवर कोणताही दोष ठेवलेला नाही. मीखलेविषयी तर शास्त्र कारणच सांगत नाही. शास्त्र जेथे गप्प आहे तेथे आपण निकाल देऊ नये.

२. अबशालोम. २ शमुवेल १४:२७ मध्ये त्याला तीन पुत्र व तामार नावाची एक कन्या आहे. १८:१८ मध्ये मात्र, नाव चालवायला पुत्र नाही म्हणून तो स्वतःसाठी स्तंभ उभारतो. कन्येचे नाव दिले आहे, पुत्रांची नावे नाहीत. ते बहुधा लहानपणीच वारले असावेत. तसे असेल तर येथे विसंगती नाही, एका बापाचे दुःख आहे.

३. यहोयाखीन राजा. याला निःसंतान असे लिहून ठेवा, अशी आज्ञा यिर्मया २२:३० मध्ये आहे. पण १ इतिहास ३:१७-१८ त्याचे सात पुत्र मोजते. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मातीच्या पाट्यांवरही यहूदाच्या या राजाला व त्याच्या पाच पुत्रांना तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे. उत्तर यिर्मयाच्या त्याच वचनात पुढे मिळते: त्याच्या वंशातील कोणी दाविदाच्या राजासनावर बसणार नाही. म्हणजे येथे ‘निःसंतान’ हा शब्द घराविषयी नव्हे, राजासनाविषयी आहे. पुढे त्याच्याच वंशातील जरुब्बाबेलाला परमेश्वर मुद्रेसारखा करतो (हाग्गय २:२३), आणि मत्तय १:१२ मध्ये तोच वंश ख्रिस्तापर्यंत पोहोचतो.

४. आशीर्वादाचे वचन. आज्ञा पाळणाऱ्या इस्राएलात कोणी वांझ असणार नाही, असे अनुवाद ७:१४ म्हणते. हे वचन साऱ्या राष्ट्राला दिले आहे. ते एकेका घराला लावायचे गज नव्हे. जखऱ्या व अलीशिबा ही दोघे देवासमोर नीतिमान होती, आणि तरीही त्यांना मूल नव्हते. लूक १:६-७ ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी मांडते. यशया ५६:३-५ तर ज्यांना संतती होणे शक्य नाही अशा विश्वासू जनांना पुत्र व कन्या यांहून उत्तम नाव देण्याचे अभिवचन देते.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती आहे: मीखलेची गोष्ट शिकवाल तेव्हा ‘शिक्षा’ हा शब्द आपल्या पदरचा घालू नका. अपत्य ही परमेश्वराची देणगी खरी; पण देणगी न मिळणे म्हणजे शाप, असे शास्त्र म्हणत नाही.

वर्गासाठी प्रश्न: (१) यिर्मया २२:३० मधील ‘निःसंतान’ शब्दाचा अर्थ त्याच वचनातून कसा कळतो? (२) अलीशिबेच्या शेजाऱ्यांनी लूक १:६ वाचले असते, तर ते तिच्याशी कसे वागले असते? आपल्या मंडळीत आपण कसे वागतो?