शब्दविचार : 'भाजी' आणि 'शाक'

आपल्या पंथाची धर्मभाषा मराठी. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी मराठीतच निरूपण केले आणि श्रीनागदेवाचार्यांनी तोच आग्रह पुढे चालविला. म्हणून मराठीतील नित्याचा शब्दही अर्थ न पाहता उच्चारू नये. 'भाजी' हा असाच एक शब्द होय.

आज बाजारातील हिरव्या जुडीलाही आपण भाजी म्हणतो. परंतु या शब्दाचे मूळ मळ्यात नसून चुलीवर आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.१.४२) 'भाजी' हे रूप 'श्राणा', म्हणजे शिजविलेला पदार्थ, या अर्थी सिद्ध केले आहे. दुसरे मत हा शब्द 'भृज्ज्' या धातूशी जोडते. आपले 'भाजणे' हे क्रियापद त्याच धातूचे. कोणतेही मत स्वीकारले तरी अग्निसंस्कार हाच अर्थ निघतो. कच्च्या पानांना 'पाला' हा शब्द आहेच. दोन्ही मिळून 'भाजीपाला' झाला. पुढे शिजविलेल्याचे नाव कच्च्यासही लागले.

संस्कृतातील 'शाक' अधिक व्यापक आहे. भावप्रकाशात पत्र, पुष्प, फल, नाल, कंद आणि संस्वेदज असे शाकाचे ६ प्रकार सांगितले आहेत. 'शक्' धातूवरून त्याची व्युत्पत्ती अशी देतात : ज्याच्या योगे भोजन करणे शक्य होते, ते शाक.

आता महाभारताच्या वनपर्वातील दुर्वासांचा प्रसंग पाहावा. द्रौपदीचे भोजन झाले होते, पात्र रिकामे होते. त्याच्या कंठाशी चिकटलेला कण श्रीकृष्ण चक्रवर्तींनी स्वीकारला आणि दुर्वास शिष्यांसह तृप्त झाले. आपण त्यास 'भाजीचे पान' म्हणतो. मूळ शब्द 'शाकान्न' असा आहे. म्हणजे ते वेलीवरून खुडलेले पान नव्हे. रांधलेल्या अन्नाचा उरलेला अंश होता. 'भाजी'चा मूळ अर्थ ध्यानी असेल तर ही चूक होत नाही. ती भाजी कोणती होती, रुचकर होती की अळणी, हे तेथे सांगितलेलेच नाही.

साधकाच्या झोळीतही अनेक घरांच्या भाज्या एकत्र येतात व त्यांच्या चवी एकमेकींत मिसळतात. तेथे 'आज कोणती भाजी?' असा प्रश्न उठला, तर तो रसनेचा आहे, क्षुधेचा नव्हे. धर्माचरणापुरता देह टिकावा, भोजन शक्य व्हावे, एवढाच शाकाचा अर्थ साधकाने घ्यावा. आणि वासनिकाने आपल्या चुलीवर जे शिजले असेल, तेच संकोच न धरता भावपूर्वक झोळीत घालावे.

दंडवत प्रणाम.