परमुलखातील मरण आणि मासिक वर्गणी

भिशी म्हणजे काय, हे खडेबाजारात कोणास सांगावयास नको. दहा माणसे दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करतात आणि ज्याची पाळी येईल त्याची नड भागते. परंतु मनुष्याची एक नड अशी आहे की, ती भागली किंवा नाही हे पाहावयास तो स्वतः उरत नाही. आपले अंत्यसंस्कार कोण करील, ही ती नड होय. गावात भाऊबंद असतात. तेथे हा प्रश्न सहसा उठत नाही. पोटासाठी परमुलखात गेलेल्या गरिबास मात्र तो छळतो.

आपल्याकडून चोर्ला घाट उतरला की गोमंतक लागतो. तेथील हजारो पुरुष एकोणिसाव्या शतकापासून मुंबईस गेले. कोणी आगबोटीवर खलाशी झाले, कोणी आचारी, कोणी वाद्य वाजविणारे. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी आपापल्या गावाच्या नावे 'कुडी' स्थापन केल्या. कूड म्हणजे कोंकणीत खोली. भिंतीशी ओळीने सभासदांच्या पेट्या आणि एका बाजूस संताची वेदी, असे तिचे रूप असे. सायंकाळी वेदीपुढे जपमाळेच्या प्रार्थनेस बसण्याचा दंडक होता. वर्गणी अल्प असे. तीतून आजाऱ्यास मदत मिळे, आणि कोणी वारला तर त्याच्या दफनाची तजवीज कुडीतील मंडळी करीत. काही कुडी मुंबईत अद्याप टिकून आहेत. पूर्वीची गर्दी मात्र राहिलेली नाही.

देव, वर्गणी आणि मृतसंस्कार यांची ही सांगड फार जुनी आहे. रोमजवळच्या लानुव्हियम गावी 1816 साली एक शिलालेख सापडला. डायना देवी व अँटिनोअस यांच्या उपासकांचे एक मंडळ तेथे इ. स. 133 मध्ये स्थापन झाले. 136 मध्ये कोरलेले त्याचे नियम या लेखात आहेत. प्रवेशशुल्क 100 सेस्टर्स व उत्तम मद्याचा एक रांजण; मासिक वर्गणी 5 अस. चार अस म्हणजे एक सेस्टर्स. सभासद वारल्यास 300 सेस्टर्स खर्चावयाचे, पैकी 50 चितेपाशी जमलेल्यांस वाटावयाचे. आम्ही हिशेब करून पाहिला, तेव्हा ही 300 ची रक्कम एका माणसाच्या वीस वर्षांच्या वर्गणीइतकी भरली. दूरगावी मृत्यू झाल्याचा निरोप आला, तर तीन सभासदांनी तेथे जावे. प्रत्येकास वाटखर्चाचे 20 सेस्टर्स मिळत. त्यांनी हिशेबात लबाडी केल्यास चौपट दंड! माणसे गरीब होती, भोळी नव्हती.

जर्मन पंडित मोमसेन याने 1843 साली अशा संस्थांस मुख्यतः अंत्यविधीची मंडळे मानले. पुढील अभ्यासकांना ते पुरेसे वाटले नाही, आणि आम्हांसही त्यांचेच म्हणणे पटते. कारण याच लेखात मेजवान्यांचे नियमही तितक्याच बारकाईने दिले आहेत. पाव किती किमतीचा, माशांपैकी चार तारल्या, दुसऱ्याच्या जागी जाऊन गोंधळ घालणाऱ्यास 4 सेस्टर्स दंड, शिवीगाळ करणाऱ्यास 12, असे सर्व ठरलेले. जो आपल्या पंक्तीस बसला, त्यालाच पुढे खांदा द्यावयाचा होता.

श्रीमंतांच्या वाड्यांतही अशी मंडळे असत. ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या सेवकवर्गाची दफनवास्तू 1726 साली अप्पियन मार्गावर उजेडात आली. कबुतरखान्यासारखे कोनाडे, त्यांत अस्थिकलश आणि खाली नाव व काम कोरलेले. कोणी सुईण, कोणी सोनार. तेथील सेवकांस त्यांच्या धनिणीच्या घराण्याचा आधार होता.

लानुव्हियमच्या मंडळात गुलामही सभासद होते, आणि गुलामाचा देहसुद्धा धन्याचा. धन्याने अन्यायाने प्रेत दफनासाठी दिले नाही तर काय करावे? नियम सांगतो की, प्रेताविनाच त्याचा अंत्यविधी करावा. आपल्याकडे देह हाती न लागल्यास पळसाच्या पानांची आकृती करून जो पालाशविधी करतात, त्याच जातीचा हा विधी. तेथे देह कोठे आहे हे सर्वांस ठाऊक असे. तो मागण्याचा अधिकार तेवढा कोणास नसे.