उलांडीचा तोल

आपल्याला मांजरा नदी ठाऊक, समुद्र दूरच. तरी कोकणातील उलांडीची होडी अभ्यासण्याजोगी आहे. अरुंद होडीच्या एका बाजूस आडव्या वाशांनी बांधलेला ओंडका म्हणजे उलांडी. ती बुडू लागली की पाणी तिला वर रेटते. उचलली गेली की तिचे वजन खाली ओढते. हा तरफेचाच नियम.

हवाई बेटांत १९५२ साली मोलोकाई ते ओआहू अशी सुमारे ६६ किलोमीटरची शर्यत सुरू झाली. होडीत सहा वल्हेकरी असतात.

खवळलेल्या पाण्यासाठी सराव असा : प्रथम शांत पाण्यात सर्वांची वल्ही एकदम पडावीत. मग उलांडी उचलताच सर्वांनी भार तिकडे टाकावा. शेवटी किनाऱ्याजवळ होडी मुद्दाम उलटवून, माणसे मोजून, ती सुलटी करावी व पाणी उपसावे. ही पायरी ज्यांनी गाळली, त्यांनी खोल पाण्यात जाऊ नये.